फोन सदैव चालू ठेवावा

सोमवार, ९ जुलै २००७, भुईगाव

ॲल्रॉय सुटला. म्हणजे सुटला असं नाही, जामिनावर आला. पण माझ्यासाठी सुटलाच. दोन महिन्यांनी पोराने घरच्या ताटात भात कालवला आणि मी समोर बसून ढसाढसा रडले. "अगं, त्याला जेवू तरी दे," जॉन म्हणाले आणि स्वतः मात्र अर्ध्या जेवणावरून उठून केळीच्या वाडीत निघून गेले. बराच वेळ आलेच नाहीत.

आयुष्यभर शाळेत मुलांना दैनंदिनी लिहायला लावली, आता स्वतः लिहिते. मनात ठेवलं तर माझं डोकं फुटेल. मे महिन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर जळला. हे टँकरवाले आमच्या विहिरींचं गोडं पाणी उपसून नव्या बिल्डिंगींना विकतात आणि आमच्या विहिरी खारट होतात. पोरं टँकर अडवायची, घोषणा द्यायची, इथवर ठीक होतं. मग एका रात्री कोणीतरी टँकर पेटवला आणि आत झोपलेल्या ड्रायव्हरचे दोन्ही हात भाजले. पोलिसांनी हाताला लागतील ती पोरं उचलली, त्यात आमचं रत्न. "मी पेटवला नाही मम्मी," एवढंच तो म्हणतो. माझा विश्वास आहे. मग कोणी पेटवला, असं विचारलं की भिंतीकडे बघतो.

कोर्टाचा कागद मी तीनदा वाचला. तालुका सोडायचा नाही. पोलिसांकडे नोंदवलेला मोबाइल फोन सदैव चालू ठेवावा, स्वतःजवळ ठेवावा, वाजला की उचलावा. फोन बंद सापडला तर जामीन रद्द, परत आत. सोबत हवालदार मोहिते आले होते. मनवेलपाड्याला राहतात, तरुण आहेत, बोलायला गोड. म्हणाले, "टीचर, फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते आम्हाला तिकडे दिसतं. नवीन पद्धत आहे. त्याला रोज हजेरीला हेलपाटे नकोत आणि आम्हालाही नकोत."

चला, विज्ञानाने काहीतरी चांगलं केलं.

शुक्रवार, १३ जुलै

लाइट. लाइट. लाइट. सकाळी जाते ती दुपारी येते, तोंड दाखवते आणि परत जाते. काल संध्याकाळी फोनच्या बॅटरीची शेवटची काडी उरली. ॲल्रॉय नुसता त्या काडीकडे बघत बसला. मी फोन पदराखाली घेतला आणि समोर सालोमीकडे धावले. तिच्या मोठ्या मुलाने, इनासने, तिला इन्व्हर्टर बसवून दिलाय.

"अगं, त्यात विचारायचं काय? रोज आणून लाव," सालोमी म्हणाली. सालोमी म्हणजे माझी लग्नानंतरची पहिली मैत्रीण. मी सांडोरची, नवी नवरी, इथे कोणाला ओळखत नव्हते. हिनेच मला विहिरीवर नेलं आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या भानगडी सांगून टाकल्या. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. फक्त एक गोष्ट सोडून. तिचा धाकटा, प्लासिड, टँकर जळला त्या रात्रीपासून गायब आहे. तो कुठे आहे हे ती कोणालाच सांगत नाही. मीही विचारत नाही.

रविवार, २२ जुलै

आजचा दिवस शत्रूवरही येऊ नये.

देवळात रविवारची मिस्सा झाल्यावर ॲल्रॉय जरा समुद्रावर गेला. बिचारा, नोकरी गेली, अंधेरीचं ऑफिस तालुक्याबाहेर. घरात बसून बसून पिवळा पडलाय. फोन खिशातच होता. तासाभरात पोलिसांची जीप किनाऱ्यावर. म्हणे, तुझा फोन खाडीपलीकडच्या टॉवरखाली दिसतोय, तू तालुका सोडलास! पोरगा वाळूत उभा, पायाला ओली रेती, आणि हे म्हणतात तू पलीकडे आहेस. "साहेब, मी तुमच्या समोर उभा आहे," असं त्याने सांगितलं. तरी संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवला.

मी आणि जॉन धावत गेलो. वकिलाने समजावलं की उघड्या पाण्यावरून फोन कधीकधी पलीकडचा टॉवर पकडतो. साहेबांना पटायला वेळ लागला. मी तर सरळ बोलले, "माणूस डोळ्यांनी दिसतो तो खरा की यंत्रात दिसतो तो?" जॉननी माझा हात दाबला, नाहीतर अजून बोलले असते.

घरी येऊन मी जाहीर केलं: हा फोन आता घराबाहेर जाणार नाही. मी सांभाळणार. मला नाही बघायची परत ती जीप.

बुधवार, २५ जुलै

मोहिते आले होते. मी भीतभीतच सांगितलं की फोन माझ्याजवळ असतो, ॲल्रॉय वडिलांबरोबर वाडीत काम करतो, वाजला की हाक मारून बोलावते. कागदात 'स्वतःजवळ' असं आहे, म्हणून धाकधूक होती. पण माणूस समजूतदार. म्हणाले, "चालतंय टीचर. साहेबांना मी सांभाळतो. फक्त बंद नको. आणि जरा वापरत जा हो. फोन नुसता पडून राहिला की साहेबांना वाटतं, पोरगा फोन ठेवून पळाला."

"पण आम्ही बोललेलं तुम्हाला तिकडे ऐकू येतं का?" मी विचारलं.

"छे! नुसता ठिपका दिसतो. तुमच्या गप्पा ऐकायला आम्हाला वेळ कुठाय?"

मग काय, दुपारी सांडोरला फ्लॉसीला, माझ्या बहिणीला, फोन लावला. दोघी इतक्या बोललो की कान गरम झाला. मग शेजारच्यांना कळलं. आमच्या गल्लीत एकाची शिडी ती सगळ्यांची शिडी, एकाचं मोठं पातेलं ते सगळ्यांचं पातेलं. संध्याकाळपर्यंत तिघी येऊन फोन करून गेल्या. मला बरं वाटलं. दोन महिने आमच्या पायरीला कोणी पाय लावला नव्हता.

रविवार, ५ ऑगस्ट

मिस्सेनंतर सालोमी घरात आली, दार लोटलं, आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली. मग सगळं बाहेर पडलं. प्लासिड खाडीपलीकडे उत्तनला आहे, सालोमीच्या बहिणीच्या घराजवळ. इनासने तिथे त्याला खोली बघून दिली. रविवारी तो तिथल्या टेलिफोन बूथवर येऊन उभा राहतो. पण सालोमीला घरच्या फोनवरून करायची भीती वाटते, त्यावर पोलिसांचे कान असणार. गावातल्या बूथवर तर अख्खं गाव कान लावून बसलेलं.

"मटिल्डा, तीन महिने झाले गं त्याचा आवाज ऐकून. एक फोन करू दे."

मी म्हटलं, अगं वेडे, असं भीत भीत काय विचारतेस? तुझ्या विजेवर आमचा फोन जगतो आणि तुला एक फोन नाही म्हणू? आणि खरं सांगायचं तर मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं. म्हटलं, दिव्याखाली अंधार असतो. पोलिसांच्याच फोनवरून बोललेलं पोलिसांना कधी सुचेल तरी का? त्यात मोहिते स्वतःच्या तोंडाने बोललेत की नुसता ठिपका दिसतो.

सालोमी फोनवर फक्त एवढंच बोलली, "जेवलास का? अंगावर काय घालतोस? मावशीचे सांधे कसे आहेत?" मी चुलीपाशी उभी राहून ऐकत होते आणि डोळे पुसत होते. त्याने काय केलं असेल ते असो. आईने पोराला जेवलास का विचारू नये, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

मंगळवार, ७ ऑगस्ट

घरात भांडण. ॲल्रॉयने फोनमधले नंबर बघितले आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हा उत्तनचा नंबर कोणी लावला?"

"सालोमीने. तिच्या बहिणीला."

"मम्मी, या फोनवरून कोणालाच फोन करू द्यायचा नाही. कोणालाच. कळलं?"

मला असा राग आला! दोन महिने कोठडीत राहून पोरगा माणुसकी विसरला की काय? मी सुनावलं, "कोर्टाचा कागद मी वाचलाय, तू नाही. त्यात कुठेही लिहिलेलं नाही की शेजारणीला फोन देऊ नये. सालोमीने तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. तिच्याच ताटातली सांदणं खाऊन वाढलास." तो काहीतरी बोलणार होता. मग फोनकडे बघितलं, तोंड मिटलं आणि मला खूण करून मागच्या दारी चल म्हणाला. मी गेले नाही. माझ्याच घरात मला कोणी खुणेने बोलवायचं नाही.

फोन त्याने कपाटात टाकून कुलूप लावलं. दुपारी मोहितेंचा फोन आला तो कपाटातच वाजत राहिला आणि किल्ली त्याच्या खिशात, तो वाडीत. मी उघड्या पायांनी धावले. परत येईपर्यंत वाजायचा थांबला होता. मग पुन्हा वाजला, मी उचलला, मोहिते हसले, "काय टीचर, मला वाटलं गेला पोरगा." किल्ली मी काढून घेतली. आता फोन माझ्या कमरेला, पिशवीत.

रविवार, १९ ऑगस्ट

सालोमीचं रविवारचं बोलणं आता ठरूनच गेलंय. मिस्सा सुटली की ती थेट आमच्याकडे. मी मुद्दाम चहा ठेवते. ॲल्रॉय त्या वेळी घरात थांबत नाही.

दुपारी मोहिते आले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. निघताना म्हणाले, "सालोमीबाईंच्या बहिणीचे सांधे बरे आहेत का आता? माझ्या आईलाही तोच त्रास आहे. तिला तिळाच्या तेलाने आराम पडला."

बघा, किती माणुसकी. कामाच्या धबडग्यात दुसऱ्याच्या दुखण्याची आठवण ठेवतात. मी हे मोठ्या कौतुकाने जॉनना सांगितलं. जॉन पानाच्या वेली बांधत होते, त्यांच्या हातातलं केळीच्या सालीचं सोपट खाली पडलं. "तू सांगितलं होतंस का त्याला सांध्यांचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगितलं असेन, माझ्या काय लक्षात राहतं? आठवत तर नाही. जॉन पुढे काही बोलले नाहीत. हा माणूस एरवीही बोलत नाही, त्यामुळे त्यातून काही अर्थ काढता येत नाही.

रविवार, २ सप्टेंबर

धोंडूबाई आली होती, नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा ताजी मासळी घेऊन. टोपली उतरवताना हळूच म्हणते, "टीचर, तो सालोमीचा धाकला उत्तनच्या बाजारात दिसला मला. दाडी वाढवलीय. मी काय बोलली नाय."

मी तिला गप्प केलं. "तू काही बघितलं नाहीस, कळलं?"

"मला काय करायचंय टीचर? माजी मच्छी भली नि मी भली."

पण मला रुखरुख लागून राहिली. बाजारात फिरणारी बाई, हजार लोकांशी बोलणारी. सालोमीला मात्र मी यातलं काही सांगितलं नाही, उगाच तिला झोप लागायची नाही.

शनिवार, ८ सप्टेंबर

पवित्र मातेचा जन्मदिन. देवळात फुलं वाहिली. ॲल्रॉय आज पहिल्यांदा मोकळा हसला, जीनाने त्याला काहीतरी चिडवलं म्हणून. जीना फ्लॉसीची मुलगी. दोघांना हसताना बघून मला वाटलं, सरलं आता. केस चालेल, संपेल, पोरगा परत नोकरीला लागेल.

रविवार, १६ सप्टेंबर

अक्षर वाईट येतंय.

सालोमी आमच्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होती. मी चहात साखर घालत होते. ती सांगत होती, "इनास येईल मंगळवारी, कपडे देतेय त्याच्याकडे." मग एकदम, "प्लासिड? काय झालं? हॅलो? कोण आहे तिथे? हॅलो!" तिचा आवाज चिरकला. मी फोन तिच्या हातातून घेतला. पलीकडे ढकलाढकलीचा आवाज, काहीतरी आपटल्याचा, आणि कोणीतरी ओरडलं, "धर, धर त्याला." मग कोणीतरी रिसीव्हर उचलला. बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मी हॅलो म्हटलं. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

सालोमी तिथेच फरशीवर बसली. कितीतरी वेळ "माझा पोर, माझा पोर" म्हणत होती. मी तिला मिठी मारून बसले. चहा उतू जाऊन गॅस विझला तेही कळलं नाही.

ॲल्रॉय वाडीतून आला, त्याने आम्हा दोघींकडे बघितलं, मग माझ्या कमरेच्या पिशवीकडे.

मंगळवार, १८ सप्टेंबर

गल्लीत काय चाललंय ते आज कळलं. लोक म्हणतात ॲल्रॉयने प्लासिडचा पत्ता दिला. त्याच्या बदल्यात त्याला घरी राहू दिलंय. "बाकीची पोरं आत आणि हा एकटा केळी कापत फिरतो, ते काय उगाच?" आणि हे बोलतंय कोण? सालोमी! माझी सालोमी! मी तिच्या दारात गेले, तिने आतून कडी घातली. दाराआडून म्हणाली, "तुझ्या घरात बसून बोलत होते ना मी, तूही ऐकत होतीस. तुझ्या पोराला कोणी सांगितलं मग?"

चोराच्या उलट्या बोंबा! म्हणजे चोर ती नाही, पण मला दुसरं काही सुचत नाही इतका संताप झालाय. ॲल्रॉय असं करणार नाही. मग कोणी केलं? मला माहीत आहे कोणी केलं. सकाळी धोंडूबाई आली तेव्हा मी तिला फाटकातच अडवलं. म्हटलं, तूच बघितलं होतंस ना त्याला उत्तनच्या बाजारात? किती मिळाले पोलिसांकडून?

ती बघतच राहिली. "माज्या पोराची शपथ टीचर, मी कोनाला काय बोलली नाय. तुमी मला अशी समजता?" मी तिला परत गल्लीत येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती टोपली उचलून गेली. डोळ्यांत पाणी होतं. नाटकं सगळी.

रविवार, २३ सप्टेंबर

देवळात आमच्या बाकावर आम्ही तिघेच. शांतीचं आलिंगन द्यायच्या वेळी पुढच्या बाकावरची माणसं वळलीच नाहीत. ॲल्रॉय सरळ उभा होता, नजर समोर. त्याला जिवंतपणी मारतायत हे लोक. मी प्रार्थनेत चक्क देवाशी भांडले.

आता फोन लावायचा कुठे? सालोमीचं दार बंद, इतरांची तोंडं बंद. पण मोहितेंना न सांगताच कसं कळलं कोण जाणे. संध्याकाळी स्वतः आले, पूर्ण भरलेली दुसरी बॅटरी घेऊन. "असू दे टीचर, लाइटचा भरवसा नाही." सगळं गाव उलटलं आणि कामाला आला तो पोलीस. मी जॉनना म्हटलं, हा देवमाणूस आहे. ॲल्रॉय हसला. ते हसू मला आवडलं नाही.

"तुला कळतंय ना मम्मी, ते गाव म्हणतं तसं मी काही केलं नाही?" त्याने विचारलं.

"मला कळत नाही तर कोणाला कळणार? ती कोळीण बोलली."

तो म्हणाला, "हो. असेल." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेला, मोठी माणसं लहानांच्या डोक्यावरून फिरवतात तसा. हा पोरगा हल्ली माझ्याशी असा वागतो की मला धड रागावताही येत नाही.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

सगळं जसं घडलं तसं लिहिते.

दुपारी मोहिते ओट्यावर बसले होते, खुशीत. मी चहा दिला. म्हणाले, "टीचर, साहेबांनी काल तुमचं नाव घेतलं. प्लासिडला काय आम्ही शोधला? तुमच्या फोनने दाखवला. दर रविवारी, मिस्सा सुटली की एकच नंबर, उत्तनचा बूथ. आम्ही फक्त जाऊन उभे राहिलो."

मला आधी कळलंच नाही. मग कळायला लागलं. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात नुसता ठिपका दिसतो."

"ॲल्रॉयचा ठिपकाच दिसतो की. बाकीचं साहेब बघतात." ते हसले. "अहो, त्याच्या जामिनाला आम्ही फारसा विरोध का केला नाही? तो प्लासिडशी बोलणार याची खात्री होती. पोरगा वस्ताद, एकदाही नाही बोलला. बरं झालं तुम्ही होतात."

सांधे. तिळाचं तेल. मी माझ्या हाताने चहा ठेवायची रविवारी. आणि त्या धोंडूबाईला मी काय काय बोलले! माझ्या पोराने मला खुणेने मागच्या दारी बोलावलं आणि मी तोऱ्यात गेले नाही. पुढे त्याने सगळं गाव अंगावर घेतलं, पण माझं नाव घेतलं नाही.

मोहिते बोलतच होते. "आता राहिला इनास. त्यानेच खोली दिली होती, आणि टँकरचं डिझेलही त्यानेच पुरवलं असा साहेबांना संशय आहे. तो पसार आहे. पण बायको आणि तान्हं पोर इथे आईकडे टाकून गेलाय, म्हणजे फोन होणारच. सालोमीबाई तुमच्याकडेच येतील, दुसरीकडे कुठे जाणार? नाही म्हणू नका. इनास सापडला की ॲल्रॉयचं नाव आरोपींतून साक्षीदारांत. साहेबांचा शब्द आहे."

आणि फाटक वाजलं. सालोमी. चोवीस दिवस माझं तोंड न बघितलेली सालोमी फाटकात उभी, केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही. तिने मोहितेंना बघितलं, बिचकली, तरी आत आली. इतकी गरज होती तिला.

"मटिल्डा, मी बोलले ते पोटात घाल. बाळ तापाने फणफणलंय, आकडी आली, दवाखान्यात ठेवलंय. एक फोन करायचाय. एकच." कोणाला ते तिने सांगितलं नाही. बिचारीला वाटलं, मोहितेंना समजणार नाही.

"द्या की टीचर," मोहिते कपातून फुंकर घालत म्हणाले. "लहान लेकराचा प्रश्न आहे."

फोन माझ्या कमरेला. सालोमीचा हात पुढे आलेला. डोळ्यांनी काही सांगावं तर मोहिते माझ्या डोळ्यांतच बघत होते.

मी म्हटलं, "नाही मिळणार फोन. आरोपीच्या आईने माझ्या घरातून फोन केलेला मला चालणार नाही."

सालोमीला वाटलं तिने चुकीचं ऐकलं. मग तिचा चेहरा बदलला. "आरोपीची आई? आणि तू कोणाची आई?"

"माझा सुटून घरी आलाय," मी म्हणाले. "तुझा येणार नाही. परत माझी पायरी चढू नकोस."

माझ्याच तोंडून. माझ्याच आवाजात. चांगला खणखणीत, वर्गातला आवाज. सालोमी थुंकली, माझ्या ओट्यावर, आणि गेली. फाटकही लावलं नाही.

मोहितेंनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच. "टीचर, हे बरं नाही केलंत," ते अगदी हळू म्हणाले. "फोन पोराजवळ नसतो, तुमच्याजवळ असतो, हे मी इतके दिवस सांभाळून घेतलं. कागदात काय लिहिलंय ते तुम्हाला पाठ आहे."

मला पाठ आहे.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

ॲल्रॉयला आणि जॉनना वाडीत, विहिरीपाशी नेऊन सगळं सांगितलं. फोन घरात उशीखाली ठेवून गेले. मी पोराचे पाय धरायला वाकले तर त्याने मला धरून उभं केलं. "मम्मी, बरं केलंस," म्हणाला. "मला परत नेतील. नेऊ देत." मी ऊर बडवून रडले, तिथे कोणी ऐकायला नव्हतं.

जॉन म्हणाले, सालोमीला खरं सांगून टाकूया, तिचा गैरसमज तरी जाईल. मी रात्रभर तोच विचार केला होता. पण मी सालोमीला ओळखते. पोर लपलंय तोवर ती गप्प राहील, पण असा राग तिच्या पोटात अर्धा दिवसही राहायचा नाही. ती पहिली उठून ठाण्यात जाईल आणि मोहितेची कॉलर धरेल: तुम्ही फोन ऐकता! मग त्यांना कळेल की ती आता सावध झाली, आणि ते दुसरी वाट शोधतील, जी मला ठाऊक नसेल. आत्ता निदान त्यांना वाटतंय की दोन बायका भांडल्या. ती या फोनपासून लांब राहायला हवी असेल तर तिने माझा द्वेष केलेला बरा.

धोंडूबाईला मात्र शोधायला बंदरावर जाणार आहे. तिची माफी मागता येईल, तिच्यापासून लपवायचं काही नाही.

सोमवार, २२ ऑक्टोबर

आज ॲल्रॉयला घेऊन गेले. अटींचा भंग, फोन स्वतःजवळ ठेवला नाही. कोर्टात मोहिते शपथेवर बोलले की आपण अनेकदा घरी गेलो तेव्हा फोन आईच्या ताब्यात होता. सगळं खरंच बोलले. वकील म्हणतात, आता खटला उभा राहीपर्यंत जामीन विसरा. एक वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. फोन त्यांनी पुरावा म्हणून जप्त केला.

कपडे घ्यायला त्याला घरी आणलं होतं तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली. मी त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. जीप सुरू झाली तेव्हा समोर खिडकीत सालोमी उभी होती, नातवाला कडेवर घेऊन. बाळ बरं झालंय, गुबगुबीत दिसतंय. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती सुनेला म्हणाली, "बघ गं. देवाच्या घरी न्याय आहे. जे माझ्या पोराचं केलं, ते तिच्या पोराच्या वाट्याला आलं." आणि खिडकी लावून घेतली.

मी आत आले. जॉन ॲल्रॉयच्या खाटेवर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसले. घरात आता कुठलाच फोन नाही, तरी आम्ही दोघं कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत होतो.

इनास अजून सापडलेला नाही.